स्पिटफायरमध्ये पैसे भरून बसायचं, तर आधी कशावर सही करायची?

रविवारी सकाळी तर्री-पोहे घेऊन घरी आलो, तर शेजारचे काकाजी आमच्या गॅलरीत बसलेले. मांडीवर चार कागद, चष्मा कपाळावर. काकाजी वायुसेनेतून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी इंजिनांपाशी गेली, आधी डाकोटा आणि मग एएन-३२ या मालवाहू विमानांच्या. मुलगा इंग्लंडात असतो. वडिलांच्या सत्तरीला त्यांना दोन आसनी स्पिटफायरमधून, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानातून, अर्धा तास फिरवून आणायचं असं त्यानं ठरवलं आणि तिथल्या कंपनीचे कागद वाचायला पाठवले.

"पैशाचं पोरगं पाहून घेईल," काकाजी म्हणाले, "पण हे वाच बरं भाऊ. जन्मभर मी एफ-७००वर सही केली, की विमान ठीक आहे, घेऊन जा. आता हे लोक माझी सही मागून राहिले, की विमान ठीक असल्याची हमी कोणी दिली नाही, तरी मी बसतो."

एफ-७०० म्हणजे लष्करी विमानाची वही. ज्यानं काम केलं तो त्यात सही करतो, विमान ताब्यात घेताना वैमानिक सही करतो. पुढं काही झालं, तर सगळ्यात आधी ती वही उघडली जाते. तिच्यावर तीस वर्षं सह्या केलेल्या माणसाला हा नवा कागद उलटा वाटणारच. मी तो दोनदा वाचला. काकाजींनी अर्थ बरोबर लावला होता. जुन्या लढाऊ विमानात पैसे देऊन बसणं म्हणजे काय, हे त्या कागदापासूनच समजून घ्यायला हवं, कारण बाकी सगळं, म्हणजे किंमत, विमा, वैद्यकीय अटी, त्यातूनच निघतं.

आपण नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबईच्या विमानात बसतो, तेव्हा आपल्याला कशावरही सही करावी लागत नाही. कारण आपल्या वतीनं बऱ्याच जणांनी आधीच सह्या केलेल्या असतात. विमानाचं डिझाइन सरकारी यंत्रणेनं तपासून मान्य केलेलं असतं. त्या एका विमानाला उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र असतं. कंपनीला प्रवासी नेण्याचा परवाना असतो. दुरुस्ती करणाऱ्या इंजिनिअरचंही लायसन्स असतं. १९४४ च्या शिकागो करारामुळे एका देशानं ठरलेल्या दर्जाप्रमाणे दिलेलं प्रमाणपत्र दुसरा देश मानतो, म्हणून आपलं विमान दुबईला उतरू शकतं.

या साखळीतली सगळ्यात महत्त्वाची कडी प्रवाशाला कधी दिसत नाही. त्या डिझाइनची जबाबदारी घेणारं कोणीतरी आजही जिवंत असतं. जगाच्या दुसऱ्या टोकाला एखाद्या विमानाच्या पंखाच्या जोडाला तडा सापडला, तर ती माहिती डिझाइनच्या मालकाकडे जाते, मग तशा सगळ्या विमानांची तपासणी करण्याचा हुकूम निघतो, आणि इथल्या हँगरमध्ये कोणीतरी टॉर्च घेऊन तोच जोड बघतो. आपण तिकिटात यासाठीही पैसे देतो.

स्पिटफायरला ही साखळी नाही. तिचं पहिलं उड्डाण ५ मार्च १९३६चं. सुपरमरीन कंपनीसाठी आर. जे. मिचेल यांनी ती काढली आणि पुढच्या बारा-तेरा वर्षांत सर्व प्रकार मिळून वीस हजारांवर विमानं बनली. ती लढायला बनली. तिच्यात पैसे देऊन नातवंडांसह कोणी बसेल, हा विचार डिझाइनच्या टेबलावर कधीच नव्हता, त्यामुळे प्रवासी विमानाच्या कसोट्या तिला लावल्याच गेल्या नाहीत. सुपरमरीनही आता राहिली नाही.

यावर पहिली समजूत अशी होते, की विमान जुनं म्हणून प्रमाणपत्र मिळत नाही. तसं नाही. यासाठी काकाजींचंच विमान घेऊ. डाकोटाचं नागरी रूप डीसी-३. त्याचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५चं, म्हणजे ते स्पिटफायरपेक्षा अडीच महिन्यांनी थोरलंच. पण ते जन्मलं प्रवासी विमान म्हणून. नागरी कसोट्या पार करून आलं, नंतर युद्धात गेलं, आणि युद्ध संपल्यावर परत नागरी कामाला लागलं. नागपूरकरांना तर हे सांगायलाच नको. जानेवारी १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासहून निघालेली रात्रीची डाकविमानं मध्यरात्री आपल्या सोनेगावला एकत्र यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेच्या आत परत फिरायची. ती होती डाकोटाच. जवळपास एकाच वयाची दोन विमानं, पण एकापाशी नागरी जन्मदाखला आहे, दुसऱ्यापाशी नाही.

ज्याच्यापाशी नाही त्याला ब्रिटनमध्ये 'परमिट टू फ्लाय' मिळतं. त्याचा अर्थ मर्यादित आहे: हे एक विमान, अशा पद्धतीनं सांभाळलेलं, या मर्यादांमध्ये, आमच्या देशात उडू शकतं. दुसऱ्या देशात न्यायचं तर त्या देशाची वेगळी परवानगी काढावी लागते. आणि एरवी अशा विमानात पैसे घेऊन माणूस बसवता येत नाही.

मग काकाजींच्या मुलाला बुकिंग कसं मिळालं? ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणानं यासाठी एक अरुंद दार ठेवलं आहे. त्याचं नाव लांबलचक आहे, 'सेफ्टी स्टँडर्ड्स ॲक्नॉलेजमेंट अँड कन्सेंट'. सुरक्षेचा दर्जा मला सांगितला गेला, तो मला समजला आणि माझी संमती आहे, एवढा त्याचा अर्थ. फिरवणाऱ्या कंपनीला प्राधिकरणाची वेगळी मंजुरी लागते. बसणाऱ्याला आधी स्पष्ट सांगावं लागतं, की हे विमान प्रवासी विमानाच्या दर्जाचं नाही. ते ऐकून, समजून त्यानं सही केली तरच तो बसू शकतो.

एरवी सरकार आपल्या वतीनं ठरवतं, कारण मुंबईला निघालेला माणूस इंजिनाचे कागद वाचत बसू शकत नाही. इथं सरकार म्हणतं, मी तुझ्या वतीनं ठरवू शकत नाही. तुला सगळं खरं सांगितलं जाईल हे मात्र मी बघीन, पुढचं तू ठरव. मला ही भूमिका प्रामाणिक वाटते. धोका लपवून परवानगी देण्यापेक्षा किंवा सरसकट बंदी घालण्यापेक्षा ती बरी.

पण मग एक गोष्ट ओघानं येते, आणि ती मी काकाजींच्या मुलाला त्याच दिवशी फोनवर सांगितली. या फेऱ्या 'सरप्राइज गिफ्ट' म्हणून जोरात विकल्या जातात. वाढदिवसाला वडिलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना धावपट्टीपाशी न्यायचं आणि तिथं कागद समोर धरायचा. तिथं चार नातेवाईक फोन उंचावून उभे असतात, पोरानं लाखांनी पैसे मोजलेले असतात, विमानाचं इंजिन तापत असतं. अशा वेळी कोणता बाप म्हणेल, "थांबा, मला हे नीट वाचू द्या"? पैसे मुलगा भरू शकतो. संमती भेट देता येत नाही. ती ज्याची त्यानंच, घरी, निवांत बसून द्यायची असते. या मुलानं कागद आधी पाठवले, हे त्यानं फार चांगलं केलं.

आता दुसरा प्रश्न. विमानात बसलेल्यानं सही केली, पण खाली राहणाऱ्यांचं काय? समजा असं विमान सोनेगावहून उडालं, तर खामला, मनीष नगर, वर्धा रोडवरच्या कोणीही कसलीही सही केलेली नसते. ऑगस्ट २०१५ मध्ये इंग्लंडात शोरहॅमच्या एअर शोमध्ये एक जुनं हंटर जेट कसरत करताना महामार्गावर कोसळलं. मेले ते अकराही जण रस्त्यावरचे होते, वैमानिक वाचला. हंटर आपल्याला परकं नाही, १९७१ मध्ये लोंगेवालाच्या वाळूत शत्रूचे रणगाडे फोडले ते याच जातीच्या विमानांनी. शोरहॅमनंतर ब्रिटनमधले नियम बरेच कडक झाले. परमिटवरच्या विमानाला कुठून जायचं, कोणत्या हवामानात उडायचं यावर जी बंधनं असतात, ती मुख्यतः या खालच्या माणसांसाठी असतात. म्हणून ढग उतरले की फेरी रद्द होते, आणि त्यावर चिडण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतली दोन दारं

अमेरिकेत गोष्ट थोडी वेगळी आहे आणि तिच्यात भारताचाही धागा आहे. तिथं पी-५१ मस्टँगसारखी बरीच जुनी लष्करी विमानं 'लिमिटेड' नावाच्या वर्गात मोडतात आणि नियम सरळ सांगतो, की या वर्गातल्या विमानात भाडं घेऊन माणूस किंवा माल न्यायचा नाही. त्यातून वाट काढायला एक सवलत आहे, 'लिव्हिंग हिस्टरी फ्लाइट एक्स्पिरियन्स' नावाची. ऐतिहासिक विमानं जिवंत राहावीत म्हणून, अटी घालून, पैसे घेऊन लोकांना बसवायला दिलेली मुभा.

ही सवलत वापरणाऱ्या कॉलिंग्ज फाउंडेशन या संस्थेकडे बी-२४ लिबरेटर हे बॉम्बर होतं. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी आपल्याकडे कानपूरला अशी बरीच विमानं टाकून दिली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्यातली चाळीसेक विमानं ठाकठीक करून उडती केली आणि वायुसेनेनं ती १९६८ पर्यंत चालवली. कॉलिंग्जचं लिबरेटर त्यातलंच. अमेरिकन माणूस रांग लावून, पैसे भरून ज्या विमानात बसला, ते भारतीय फिटरांच्या हातांनी जगलं होतं. काकाजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी कागद बाजूला ठेवले आणि दोन मिनिटं काही बोलले नाहीत.

याच संस्थेच्या दुसऱ्या विमानाची गोष्ट मात्र प्रत्येक इच्छुकानं वाचावी अशी आहे. २ ऑक्टोबर २०१९, कनेक्टिकटमधला ब्रॅडली विमानतळ. बी-१७ बॉम्बरनं पैसे भरलेल्या दहा प्रवाशांसह उड्डाण केलं, कर्मचारी धरून तेरा जण. चढतानाच एका इंजिनाची ताकद घसरली, वैमानिकानं ते बंद केलं आणि विमान परत वळवलं. ते धावपट्टीच्या अलीकडेच टेकलं, भरकटलं आणि पेटलं. सात जण गेले, त्यात दोन्ही वैमानिक आणि पाच प्रवासी.

तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळानं २०२१ मध्ये अहवाल दिला. इंजिन बंद केल्यावर वैमानिकाला विमानाचा वेग आणि चाकं वगैरेंची स्थिती नीट सांभाळता आली नाही, हे मुख्य कारण. पण इंजिनांची ताकद घसरलीच का? निष्काळजी देखभाल. स्पार्क प्लगच्या टोकांमधलं अंतर मापाबाहेर गेलेलं, मॅग्नेटोच्या जोडणीत दोष. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगीची वीज तयार करणारं यंत्र. प्रत्येक इंजिनाला दोन असतात, एक गेलं तर दुसऱ्यानं भागावं म्हणून. काकाजींनी हे ऐकून अंगठा आणि तर्जनी जवळ आणून मधली फट दाखवली. "एवढीशी जागा," म्हणाले. "फीलर गेज घालून पाहायचं. नवीन पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात हेच शिकवत होतो."

त्या अहवालात याहून जास्त बोचणारी एक गोष्ट आहे. विमान उडवणारा आणि देखभालीचा प्रमुख एकच माणूस होता. म्हणजे एफ-७००ची दोन्ही पानं एकाच हातानं भरायची. आपल्या कामातली चूक आपल्यालाच दिसणं अवघड असतं, म्हणून तर दोन सह्या असतात. सरकारी देखरेख अपुरी होती, असंही अहवालानं म्हटलं. संस्थेची सवलत त्याआधीच, मार्च २०२० मध्ये, रद्द झाली होती.

दुसरं दार शिकवणीचं. बसणारा प्रवासी नसून विद्यार्थी आहे, पुढं किंवा मागं प्रशिक्षक आहे, दोघांकडे नियंत्रणं आहेत, आणि पैसे शिकवण्याचे आहेत. फ्लोरिडात पी-४० या जुन्या लढाऊ विमानावर हे चालायचं. सरकारनं हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०२१ मध्ये निकाल लागला, की विद्यार्थी हाही माणूसच आहे, विमान त्याला घेऊन जातं आणि तो पैसे देतो, म्हणजे हे भाडंच झालं. शब्दशः निकाल बरोबर असेलही, पण त्यामुळे स्वतःच्या जुन्या विमानात पैसे देऊन शिकणारे मालकही अडकले. शेवटी डिसेंबर २०२२च्या कायद्यात संसदेला दुरुस्ती करावी लागली. हे एवढं सांगायचं कारण म्हणजे, तुमच्या हातातली पावती 'फेरी'ची आहे का 'प्रशिक्षणा'ची, यावर तुमचं कायदेशीर स्थान बदलतं.

पैसे जातात कुठं

ब्रिटनमध्ये स्पिटफायरच्या अर्ध्या तासाला साधारण तीन हजार पौंडांच्या आसपास पडतात, म्हणजे आपले साडेतीन लाखांच्या आसपास रुपये. वेळ वाढवला, समुद्रकाठच्या कड्यांपर्यंत जायचं म्हटलं, की आकडा भराभर चढतो. माझ्या बायकोनं ऐकल्याबरोबर विचारलं, "अर्ध्या तासाचे?"

तिला मी इंजिनापासून सांगितलं. स्पिटफायरचं मर्लिन इंजिन रोल्स-रॉइसचं, बारा सिलिंडरचं आणि २७ लिटरचं. आपल्या मारुतीचं एक-सव्वा लिटरचं असतं. ते साध्या वेगातही तासाला दोनशे लिटरच्या घरात पेट्रोल पितं, आणि तेही विमानाचं खास पेट्रोल, फ्लाइंग क्लबच्या सेस्नात भरतात त्या जातीचं. पण पेट्रोल हा त्यातला छोटा भाग. खरा खर्च इंजिन झिजण्याचा. असं इंजिन काहीशे तास चाललं की पूर्ण उघडून नवं करावं लागतं. हिशेब कळावा म्हणून सोपे आकडे धरा: ते काम दोन कोटींना पडलं आणि चारशे तास पुरलं, तर हवेतल्या प्रत्येक तासामागे पन्नास हजार रुपये नुसते बाजूला ठेवावे लागतात, मग त्या दिवशी इंजिन कितीही सुरळीत चालो. त्यावर प्रोपेलर, टायर, विमा, हँगर, आणि हे इंजिन हातानं ओळखणाऱ्या माणसांचे पगार. सुट्टे भाग बाजारात नाहीत, बरेचसे नव्यानं घडवावे लागतात.

शिवाय विमानंच किती उरलीत? वीस हजारांतली आज उडण्याजोगी जगभरात शंभरही नाहीत, आणि त्यातली दोन आसनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नसली तरी थोडीच. मुळात स्पिटफायर एकट्या माणसाचं विमान. युद्धानंतर सुपरमरीननं शिकवणीसाठी वीसेक विमानं दोन आसनी करून विकली, आणि त्यातली दहा आपल्या वायुसेनेनं घेतली होती! सहा आयर्लंडनं घेतली. आज फिरवणाऱ्या जुन्या दोन आसनी स्पिटफायरमध्ये आयर्लंडकडची विमानं ठळक आहेत. एमएल-४०७ हे त्यातलं एक, १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर लढलेलं. बाकीची बरीच नंतर एक आसनीची दोन आसनी केलेली. १९७०च्या दशकात भारतातूनही काही स्पिटफायरचे सांगाडे ब्रिटनला गेले. आपण त्यांना भंगार समजलो, त्यांनी त्यांची विमानं केली. मला याची हळहळ वाटते.

एवढे पैसे देणं योग्य का? माझ्या मते, ज्याला या यंत्राबद्दल खरंच काही वाटतं त्याच्यासाठी योग्य. हे पैसे नसतील तर ही विमानं काचेच्या मागं जातील. पण नुसता फोटो हवा असेल, तर स्वस्त पर्याय आहेत. टायगर मॉथच्या उघड्या कॉकपिटमधली फेरी काहीशे पौंडांत होते. तिच्यावर आपल्या वायुसेनेच्या पहिल्या पिढ्या उडायला शिकल्या. दुसऱ्या विमानात बसून स्पिटफायरच्या पंखाशेजारून उडण्याचीही सोय असते, आणि खरं तर स्पिटफायर दिसते ती त्यातूनच. आत बसलेल्याला पंखाचा तुकडा आणि वैमानिकाचं डोकं एवढंच दिसतं.

आत बसल्यावर

मागचं आसन अरुंद. पाठीला पॅराशूट, त्यावर बसण्याचे पट्टे, डोक्यावर हेल्मेट, गुडघ्यांमध्ये दांडा. खांदे दोन्ही बाजूंच्या पत्र्याला टेकतात. इंजिन सुरू झालं की पुढून जळलेल्या तेलाचा वास आणि धूर आत येतो. जमिनीवर चालताना पुढचं लांब नाक वैमानिकाची नजर अडवतं, म्हणून तो विमान नागमोडी नेतो. ते पाहून घाबरायचं नाही. जमिनीवर फार वेळ थांबताही येत नाही, कारण पंखांखालच्या रेडिएटरना वारा लागत नाही आणि पाणी काही मिनिटांत तापतं. आपल्या मे महिन्यात नागपूरला हे विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत तरी पोचलं असतं का, असा विचार माझ्या मनात आलाच.

हवेत हलक्या कसरतीतही दोन-तीन जी, म्हणजे वजनाच्या दोन-तीन पट जोर, सहज येतात. सत्तर किलोचा माणूस तीन जीमध्ये दोनशे दहा किलोचा होतो, हात मांडीवरून उचलत नाही, रक्त पायांकडे ओढलं जातं आणि कडेनं अंधारल्यासारखं होतं. काकाजींना रक्तदाबाची गोळी चालू आहे. ते त्यांनी फॉर्मवर लिहिलं आणि इथल्या डॉक्टरांकडून चिठ्ठीही घेतली. कसरत नको, साधं उडवा, असं आधी सांगता येतं, वैमानिक त्याचा मान राखतात. आदल्या रात्री सावजी नको, सकाळी उपाशीही नको.

विम्याचं मात्र बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. आपल्याकडच्या अपघात विम्याच्या पॉलिसीत बारीक अक्षरांत एक वाक्य असतं: विमानातला अपघात धरला जाईल तो 'ड्युली लायसन्स्ड स्टँडर्ड टाइप'च्या विमानातल्या प्रवाशाचा. यातला 'स्टँडर्ड' शब्द बघा. परमिटवर उडणारं लढाऊ विमान स्टँडर्ड नाही, आणि ते तसं नाही हे तुम्ही स्वतः सही करून मान्य केलेलं आहे. दावा नाकारायला विमा कंपनीला दुसरा पुरावा लागत नाही. म्हणून विमा कंपनीची परवानगी तोंडी विचारू नका, लेखी घ्या. काकाजींची पॉलिसी आम्ही कपाटातून काढली, ते वाक्य पान सातवर होतं.

हे सगळं भारतात का नाही, असं खालच्या मजल्यावरच्या पोरानं विचारलं. वायुसेनेकडे टायगर मॉथ, हार्वर्ड आणि डाकोटा ही जुनी विमानं उडत्या स्थितीत आहेत. ती डाकोटा व्हीपी-९०५ या क्रमांकाची आहे, ऑक्टोबर १९४७ मध्ये श्रीनगरला शीख रेजिमेंटची पहिली तुकडी उतरवणाऱ्या विमानाच्या आठवणीत. पण ती वायुसेनेची विमानं, तिकीट काढून बसण्याची नाहीत. नागरी बाजूनं असं काही सुरू करायचं, तर संमतीचं ब्रिटनसारखं दार नियमांत हवं, आणि त्याआधी अशी इंजिनं उघडू शकणारी माणसं हवीत. ती माणसं आपल्याकडे होती. वायुसेनेच्या देखभाल विभागाचं (मेंटेनन्स कमांडचं) मुख्यालय याच शहरात आहे, सेमिनरी हिल्सच्या अलीकडे-पलीकडे गल्लोगल्ली निवृत्त फिटर राहतात. त्यांच्या हातातलं काम कोणी लिहून घेतलं नाही, हे मला विमान नसण्यापेक्षा जास्त लागतं.

काकाजींनी सही लगेच केली नाही. मुलामार्फत तीन प्रश्न पाठवले. इंजिन शेवटचं पूर्ण उघडल्यावर किती तास चाललं? देखभालीवर सही करणारा आणि उडवणारा वेगवेगळा आहे का? हवेतून उडी मारायची वेळ आली तर मागच्या माणसानं काय करायचं, ते लेखी मिळेल का? "ज्यानं पहिल्या प्रश्नाला चिडून उत्तर दिलं, त्याच्या विमानात बसायचं नाही," असं ते मुलाला म्हणाले. चार दिवसांत उत्तर आलं, तिन्ही प्रश्नांचं, आकड्यांसह. मुलगा म्हणाला, "बाबा, सरप्राइज राहिलं असतं तर मजा आली असती." काकाजी म्हणाले, "मजा आताच सुरू झाली रे."

तारीख जूनची घेतली आहे. सकाळची पहिली वेळ आणि पुढचे दोन दिवस मोकळे, ढगांसाठी.

सध्या संध्याकाळी ते गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीत डोळे मिटून बसतात. मांडीवर तो उडी मारण्याच्या सूचनांचा कागद. अंगावर दोन बकलं असणार, एक आसनाच्या पट्ट्याचं आणि एक पॅराशूटचं, आणि घाईत चुकीचं उघडलं तर माणूस पॅराशूट विमानातच सोडून बाहेर पडेल. काकाजींचा डावा हात वर जातो, कॅनोपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण. उजवा हात पोटापाशी येतो, थांबतो, बोटं चाचपतात. "हे आसनाचं," ते स्वतःशीच म्हणतात, आणि हात पुन्हा खाली नेऊन पहिल्यापासून सुरू करतात.